पहिली लिपी की दुसरी?

"पहिली लिपी की दुसरी?" आईने विचारलं.

मला क्षणभर कळलंच नाही. मी एवढंच म्हटलं होतं, की पासवर्डमध्ये एक तरी कॅपिटल अक्षर लागतं. आई ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होती. एबीसीडीच्या मोठ्या अक्षरांना ती अजून पहिली लिपी म्हणते, लहान अक्षरांना दुसरी. "पहिली," मी म्हटलं. तिने मान हलवली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि एका बोटाने कीबोर्डवर अक्षर शोधू लागली. कीबोर्डवर सगळी अक्षरं पहिल्या लिपीतच छापलेली असतात आणि दाबल्यावर पडद्यावर दुसरी लिपी उमटते. पासवर्डच्या रकान्यात तर काहीच उमटत नाही, फक्त ठिपका येतो. पहिली लिपी पडली की दुसरी, हे तिने कसं ओळखायचं?

दिवाळीनंतरची गोष्ट. फराळाचे डबे अजून पुरते रिकामे झाले नव्हते. मी पुण्याहून गावी आले होते आणि आईला तिच्या निवृत्तिवेतनाची गेल्या वर्षभराची विवरणं हवी होती. ती एका पोर्टलवर मिळतात. तिथे आधी नोंदणी करायची, म्हणजे पासवर्ड ठरवायचा. कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त १२ अक्षरं. एक मोठं, एक लहान, एक अंक, एक विशेष चिन्ह, तेही दिलेल्या चार चिन्हांपैकीच. मधे मोकळी जागा नको. नावाचा भाग नको. दर ९० दिवसांनी बदलायचा आणि बदलताना आधीच्या पाचांपैकी कुठलाही चालणार नाही. तीन चुका झाल्या, की २४ तास खातं बंद.

आमची दोन दिवसांत दोनदा तिसरी चूक झाली. दोनदा कशी, ते सांगते.

आधी मला त्या एका अक्षराबद्दल बोलायचं आहे. देवनागरीत मोठं अक्षर नसतं, लहानही नसतं. देवातला द आणि दगडातला द एकाच मापाचे. हा उणेपणा नाही, लिपीची ती घडणच आहे. जगातल्या कितीतरी लिप्या अशाच आहेत: आपल्या शेजारची कन्नड, तेलुगू, गुजराती, पलीकडची अरबी. ‘एक मोठं, एक लहान’ ही अट ज्या माणसाने पहिल्यांदा लिहिली, त्याच्या डोळ्यांसमोर या लिप्यांमधून अक्षरओळख झालेलं माणूस नव्हतं. आईला इंग्रजी वाचता येतं. पण अट वाचताना तिला दर वेळी आधी एक भिंत ओलांडावी लागते आणि तिच्या पलीकडे गेल्यावरच पासवर्डचा विचार सुरू होतो.

"मग मराठीतच ठेवला तर?" तिने विचारलं. किती साधा प्रश्न, आणि मी वीस वर्षं संकेतस्थळांचे फॉर्म लिहिण्याचं काम करूनही हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता.

तिला मी ‘नमस्कार’ या शब्दाची अक्षरं मोजायला सांगितली. न, म, स्का, र. चार. बरोबरच आहे. संगणक मात्र सात मोजतो: न, म, स, हलन्ताची खूण, क, काना, र. म्हणजे ‘किमान ८ अक्षरं’ म्हटल्यावर आईची आठ आणि यंत्राची आठ वेगळी. त्याहून अवघड गोष्ट आपल्या ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’ या शब्दांतल्या अर्ध्या र ची. तो र पडद्यावर एकसारखाच दिसतो, पण आतून तो तीन प्रकारांनी लिहिलेला असू शकतो. ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. किंवा साध्या र ला नुक्ता, म्हणजे खाली टिंब, देऊन मग पाय मोडायचा. किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडखूण ठेवायची. कुठला कीबोर्ड काय करतो, ते लिहिणाऱ्याला दिसत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांची अक्षरं संगणकात साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, असे प्रकार एकरूप करण्याची सोय आहे. ती पहिले दोन प्रकार एक मानते, तिसऱ्याला नाही. म्हणजे आईने फोनवर ‘दऱ्याखोऱ्या’ असा पासवर्ड ठेवला आणि माझ्या लॅपटॉपवर अगदी तोच शब्द लिहिला, तरी यंत्र म्हणू शकतं, चूक. तो शब्द शुद्धलेखनाच्या कुठल्याही नियमाने बरोबर असेल, तरीही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, निस्टने, २०१७ मध्ये पासवर्डसाठी नवी मार्गदर्शिका काढली. युनिकोडमधली अक्षरं पासवर्डमध्ये घेऊ द्यावीत आणि एका सांकेतिक खुणेला एक अक्षर मोजावं, असं तिच्यात सुचवलं आहे. आपल्या पोर्टलवर देवनागरी अक्षर टाकलं तेव्हा लाल ओळ आली: अवैध वर्ण. मराठी पान, मराठी सूचना, आणि मराठी अक्षर अवैध. आई काही बोलली नाही. तिने तो शब्द फक्त दोनदा वाचला.

मग मी माझ्या पद्धतीने एक पासवर्ड तयार केला. रोमन लिपीत तीन मराठी शब्द, मधे अंक आणि चिन्ह. आईच्या आजोळच्या अंगणातली झाडं, म्हणजे तिला आठवायला सोपं. एकूण १६ खुणा झाल्या. १२ ची मर्यादा वाचूनही त्या भरात माझ्या लक्षात राहिली नाही. आधी एका कोऱ्या पानावर लिहून आईला दाखवला आणि मग तिथून उचलून रकान्यात चिकटवला. रकान्याने पहिल्या १२ खुणा घेतल्या आणि उरलेल्या ४ न सांगता टाकून दिल्या. खाली ‘पुन्हा लिहा’ म्हणून दुसरा रकाना होता, त्यानेही तेवढंच कापलं. दोन्ही जुळले, हिरवी खूण आली, नोंदणी झाली. लॉगिनच्या पानावर मात्र अशी मर्यादा घातलेली नव्हती. तिथे पूर्ण १६ गेले, आणि उत्तर आलं: पासवर्ड चुकीचा. ठिपके कोण मोजतं? आम्ही पुन्हा घातला. पुन्हा चूक. आईने स्वतः, हळूहळू, एकेक अक्षर तपासत घातला. तिसरी चूक. खातं बंद.

चूक तिची नव्हती, तरी तिचा चेहरा पडला. "माझ्याकडून काहीतरी राहिलं असेल," ती म्हणाली. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे वाक्य. चारशे-पाचशे मुलांना शुद्धलेखन शिकवलेली बाई, स्वतः बरोबर लिहिलेल्या शब्दाबद्दल माफी मागितल्यासारखं बोलत होती.

दुसऱ्या दिवशी ‘पासवर्ड विसरलात?’ वर गेलो. तिथे जन्मतारीख विचारतात. आईचा जन्म ७ एप्रिलचा. तिने ०७ लिहिलं, मग ०४, मग वर्ष. माहिती जुळत नाही. पुन्हा. जुळत नाही. तिसऱ्यांदा चुकल्यावर मी रकान्याकडे नीट पाहिलं. तारखेचा हा रकाना संकेतस्थळ स्वतः काढत नाही, ब्राउझर काढतो, आणि तारीख कुठल्या क्रमाने मागायची तेही ब्राउझरच आपल्या भाषेच्या मांडणीवरून ठरवतो. माझ्या लॅपटॉपवरच्या क्रोम ब्राउझरची भाषा अमेरिकी इंग्रजी. तिथे आधी महिना, मग दिवस. आईने लिहिलेला ७ एप्रिल पलीकडे ४ जुलै म्हणून पोचत होता. तिच्या फोनवर तेच पान उघडलं तर आख्खं कॅलेंडर उघडलं आणि तिने ७ एप्रिलवर बोट ठेवलं. तोवर पुन्हा २४ तासांसाठी दार लागलं होतं.

ब्राउझर वेगळे, म्हणून पान वेगळं वागतं, हे माझ्या कामात रोजचं आहे. मॅकवरच्या सफारी ब्राउझरने हा तारखेचा रकाना थेट २०२१ मध्ये नीट दाखवायला सुरुवात केली. त्याआधी तिथे नुसती रिकामी चौकट यायची. ‘हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये, १०२४ गुणिले ७६८ मध्ये उत्तम दिसते’ ही ओळ आपण कितीतरी सरकारी-निमसरकारी पानांच्या तळाशी वर्षानुवर्षं पाहिली. त्या ब्राउझरचा आधार मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये काढून घेतला. वेबचा जनक टिम बर्नर्स-ली याने १९९६ मध्येच अशा ओळी लिहिणाऱ्यांवर टीका केली होती. एका यंत्रावरचा मजकूर दुसऱ्या यंत्रावर वाचता येत नव्हता, त्या जुन्या दिवसांकडे हे लोक परत निघाले आहेत, अशा अर्थाची. मला त्याचं म्हणणं पटतं. पान सगळ्यांसाठी म्हणून उघडलेलं असतं. अमुकच खिडकीतून बघा, ही अट घालणं म्हणजे गावातल्या एकाच आळीला निमंत्रण देण्यासारखं आहे.

फोनवर आणखी वेगळ्या गोष्टी होतात. कीबोर्ड नाव पूर्ण करून देतो आणि त्यामागे एक मोकळी जागा सोडतो. मग ‘असा वापरकर्ता नाही’. पासवर्ड दिसावा म्हणून डोळ्याचं चित्र दाबलं, तर काही पानांवर कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो. आयफोन सरळ अवतरणचिन्हाचं वळणदार चिन्ह करून टाकतो. यांतलं काहीही माणसाने केलेलं नसतं, पण चूक त्याच्या नावावर मांडली जाते.

हे नियम आले कुठून, ते मी त्या बंद पडलेल्या २४ तासांत आईला सांगत बसले. तिला गोष्ट आवडली, म्हणून इथेही सांगते.

संगणकावरचा पासवर्ड साधारण १९६१ च्या सुमाराचा. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात फर्नांडो कॉर्बाटो आणि त्याचे सहकारी एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरावा, अशी व्यवस्था उभारत होते. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द दिला. १९६२ मध्ये तिथल्याच ॲलन शेर नावाच्या संशोधकाला संगणकाचा वाट्याला येणारा वेळ पुरेना. त्याने पासवर्डची आख्खी यादीच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम केलं. १९६६ मध्ये त्याच संगणकावर दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या समोर सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड छापून आले. "म्हणजे मुलांनी काही केलंच नव्हतं. हजेरीपटच कुणीतरी बाहेर ठेवला," आई म्हणाली. अगदी तसंच. २००९ मध्ये रॉक-यू या अमेरिकी कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले, ते कंपनीने उघडे, जसेच्या तसे ठेवले होते. त्यातला एखादा कितीही अवघड असता, तरी वाचला नसता.

अवघडपणाचे नियम २००३ च्या सुमाराला पक्के झाले. निस्टमध्ये काम करणाऱ्या बिल बर याने तयार केलेल्या मार्गदर्शिकेच्या एका परिशिष्टात मोठी-लहान अक्षरं, अंक, चिन्हं यांची शिफारस होती. खऱ्या माणसांचे खरे पासवर्ड कसे असतात याचा पुरेसा विदा, म्हणजे डेटा, तेव्हा त्याच्या हाताशी नव्हता. ते परिशिष्ट जगभर उचललं गेलं. २०१७ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, निवृत्तीनंतर, त्याने वॉल स्ट्रीट जर्नलला मोकळेपणाने सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टने नियम फिरवले: अक्षर-अंक-चिन्हांची सक्ती करू नका, ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका, निदान ६४ खुणांपर्यंत लांबी घेऊ द्या, चिकटवू द्या. आपली शिफारस चुकली हे उघडपणे म्हणणाऱ्या या माणसाबद्दल मला खूप आदर वाटतो. त्याने शब्द मागे घेतला, पण त्याच्या शब्दावर बांधलेल्या भिंती अजून उभ्या आहेत.

लांबीचं गणित तर आईनेच कागदावर मांडलं. कीबोर्डवरच्या ९४ खुणांपैकी कुठल्याही ८ घेतल्या, तर साधारण ६ वर पंधरा शून्यं इतके पासवर्ड होतात. नुसती दुसऱ्या लिपीची २६ अक्षरं, पण १६ घेतली, तर ४ वर बावीस शून्यांहून जास्त. सत्तर लाख पटींचा फरक. अर्थात शब्द जोडून केलेला पासवर्ड पूर्ण मनमानी अक्षरांइतका अवघड नसतो, हे मान्य. पण सक्तीखाली माणूस जे करतो तेही मनमानी नसतंच. तो पहिलं अक्षर मोठं करतो, शेवटी अंक लावतो, मधे ‘ॲट द रेट’ घालतो. शिवाय तीन चुकांनंतर खातं बंद होणार असेल, तर एवढ्या गुंतागुंतीचं प्रयोजन काय? एटीएमला ४ अंक पुरतात, ते अशाच मर्यादेमुळे.

आईच्या स्मरणशक्तीत काही कमी नाही, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. तिला ३० पर्यंतचे पाढे येतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी येते. औटकी येते, म्हणजे साडेतीनचा पाढा. माझ्या पिढीत तो येणारं माणूस मला भेटलेलं नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी पाठ केलेलं ती आजही भाजी निवडताना न अडखळता म्हणते. कारण त्याला चाल आहे, क्रम आहे, अर्थ आहे. चाल, क्रम आणि अर्थ. पासवर्डचे नियम नेमक्या याच तीन गोष्टी काढून टाकायला सांगतात, आणि मग दर ९० दिवसांनी पाटी पुसायला लावतात.

मग ती काय करते? वहीत लिहिते. देवघराच्या फळीखाली तिची एक दोनशे पानी वही आहे. शेवटच्या पानावर पासवर्ड आहेत, जुने लाल शाईने खोडलेले. तपासलेल्या वहीसारखं ते पान दिसतं. खोडलेले अकरा मी मोजले. घरातली वही मला मुळीच गैर वाटत नाही. देवघरापर्यंत चोर आला तर पासवर्ड ही त्यातली लहान काळजी आहे.

मला भीती वाटते ती दुसऱ्या वहीची. गावात फॉर्म भरून देणारी केंद्रं असतात. पीकविमा, शिष्यवृत्ती, दाखले, सगळं तिथूनच होतं, आणि तिथली मुलं खरोखर मदत करतात. पण नियमांत अडकलेला माणूस शेवटी म्हणतो, तूच ठेव बाबा काहीतरी. मग नावाचं पहिलं अक्षर मोठं, पुढे ‘ॲट द रेट’, पुढे १२३. सगळ्या अटी पूर्ण होतात. शेजाऱ्याचंही तेच, त्याच्या भावाचंही तेच, आणि सगळं एका वहीत. गावातल्या कुणाचंही नाव माहीत असलं की त्याचं खातं उघडेल. हे त्या मुलाच्या आळसाने झालेलं नाही. माणसाला स्वतःची किल्ली स्वतःला घडवता येऊ नये अशी अट घातली, म्हणून तो ती दुसऱ्याच्या हातात देऊन आला.

आता मला माझं सांगायला हवं. २०११ मध्ये मी एका पतसंस्थेच्या सभासदांसाठी असाच एक फॉर्म लिहिला होता. नियम तपासणारी ओळ दुसऱ्या कुठल्यातरी कामातून उचलली आणि चिकटवली. ८ ते १२, एक मोठं, एक अंक, एक चिन्ह. कुणी मागितलं नव्हतं. असंच असतं, असं मला वाटत होतं. सभासदांत निम्म्याहून अधिक लोक आईच्या वयाचे होते. मी त्यांच्यापैकी एकालाही शेजारी बसवून तो फॉर्म भरून पाहिला नाही.

तिसऱ्या दिवशी आईचं खातं उघडलं. तिने विवरणं छापून घेतली, फाइलला लावली आणि चहा टाकला. मी मात्र तो जुना फॉर्म शोधून उघडला. चालू होता. माझीच ओळ, जशीच्या तशी. फरक एवढाच, की २०२३ मध्ये अशा ओळी वाचण्याचा प्रमाण नियम अधिक कडक झाला. चिन्हांच्या यादीतला कंस किंवा आडवी रेघ मोकळी सोडली, म्हणजे तिच्याआधी तिरकी रेघ दिली नसेल, तर नवा ब्राउझर ती आख्खी ओळ अवैध धरतो आणि न बोलता सोडून देतो. म्हणजे नवा फोन असलेल्या सभासदाला माझी अट लागत नाही आणि जुन्या संगणकावर बसलेल्याला लागते. एकाच संस्थेचे सभासद, एकच पान.

मी पतसंस्थेत फोन केला. व्यवस्थापकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, लेखी द्या, संचालक मंडळापुढे ठेवतो. संध्याकाळी मी पत्र लिहिलं: अक्षर-अंक-चिन्हांची सक्ती काढावी, १२ ची मर्यादा ६४ करावी, मुदतीने बदल बंद करावा, दुरुस्ती मी विनामोबदला करून देईन. आईला वाचायला दिलं. तिने लाल पेन घेतलं, एक वेलांटी दुरुस्त केली, आणि खाली, माझ्या सहीच्या वर, स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: ‘फॉर्म बदलल्यावर दोन वयस्क सभासदांना समोर बसवून भरून पाहावा. मी येण्यास तयार आहे.’

पत्र सोमवारी पोस्टाने गेलं.